अक्का, तुझी बॅटरी पास झाली होती

अक्का,

तुझ्या दहाव्याला चितेगावची निम्मी माणसं माझ्यापाशी येऊन एकच गोष्ट सांगत होती. गिरणीवाला म्हणाला, "तुमचं लई सांगायची ती. भावानं वाचवलं म्हणायची, नायतर त्या सायकलच्या बॅटरीसंगं जळून मेले असते." मी कधी न पाहिलेल्या एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, "भाऊ असावा तर असा."

मी खाली बघत उभा होतो. लोकांना वाटलं, दुःखानं.

आज तू जाऊन तेवीस दिवस झाले. तुझी बॅटरी चांगली होती, अक्का. पहिल्यांदा तू ती माझ्या हातात दिलीस तेव्हाच चांगली होती. दहाच्या दहा गट चांगले होते. सहावा गट दमतो, असं मी तुला सांगितलं ते खोटं होतं. हे वाक्य मी सिडकोतल्या घरातून निघताना, वाळूजच्या कंपनीत, तुला फोन लावून परत कट करताना किती वेळा मनात म्हटलं, त्याची मोजदाद नाही. तू असताना एकदाही तोंडातून निघालं नाही.

गेल्या पावसाळ्यात तुझा गुडघा गेला, तिथून हे सुरू झालं. भाऊजींच्या माघारी मोटार रिवाइंडिंगचं दुकान तू एकटीनं चालवलंस. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपांच्या मोटारी दुकानात यायच्या, आणि ज्या येत नव्हत्या त्यांच्याकडे तू सायकलवर जायचीस. हँडलला पिशवी, पिशवीत पाने, मीटर, तार. गुडघा सुजायला लागल्यावर मी म्हणालो, "अक्का, मी स्कूटी घेऊन देतो."

"मला स्कूटी येत नाय."

"शिकशील."

"सायकल येती ना. तिलाच करंट देते."

मी हसलो. तू हसली नाहीस. महिन्याभरानं आलो तर दुकानाच्या फळीवर जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांचा ढीग. शहागंजातल्या भंगारवाल्याकडून तू त्या पिशव्या भरून आणल्या होत्यास. प्रत्येकीचं प्लास्टिक पक्कडीनं उकलायचं, आतल्या बोटाएवढ्या सेल सुट्ट्या करायच्या, मीटर लावून बघायच्या. ज्या अगदीच उतरल्या त्या बाजूला. बाकीच्या पूर्ण चार्ज करून पंधरा दिवस नुसत्या ठेवून द्यायच्या, आणि ज्या आपोआप उतरतात त्याही बाजूला. प्रत्येक सेलवर तू पेनानं आकडा लिहिला होतास, कुणात किती जीव आहे त्याचा.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"फोनवर एक सरदारजी दाखवतो. लई बोलतो, पण माणूस खरा हाय."

रशीदाआपा शेजारी बसून कॉइल भरत होत्या. त्या तुझ्यासोबत जुन्या कॉइलच्या कारखान्यात वीस वर्षं होत्या. कारखाना बंद पडल्यावर तुझ्याच दुकानात आल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, अब ये घर में खाना नई पकाती, सेलां पकाती." तू त्यांच्याकडे सुताचं रीळ फेकलंस.

चाळीस सेल निवडायला तुला दोन महिने लागले. चार-चारचे दहा गट. प्रत्येक गटाची एकूण ताकद सारखी आली पाहिजे म्हणून तू त्या पत्त्यांसारख्या लावत, मोडत, परत लावत बसायचीस. सेल एकमेकांना जोडायला निकेलच्या पट्ट्या लागतात, त्या चिकटवायला स्पॉट वेल्डिंगचं यंत्र लागतं. तू जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर उघडलास, त्याचं एक वेटोळं काढून टाकलंस आणि तिथं अंगठ्याएवढ्या जाड केबलचे दोन वेढे घातलेस. झालं यंत्र. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, अक्का. मला ते सुचलं नसतं. आणि सुचलं असतं तरी मी बाजारात तयार मिळतं का ते बघितलं असतं.

आता जे सांगतो ते मलाच नीट कळायला वेळ लागला. सगळ्या पाहुण्यांत एक गोष्ट ठरलेली होती. सुमननं दहावीनंतर कारखाना धरला म्हणून दिनकर शिकला. तुला ते ऐकायला आवडायचं नाही. "मला कारखाना आवडायचा, त्याच्यासाठी नाय गेले," म्हणायचीस. मला मात्र ते ऐकायला बरं वाटायचं, कारण त्या गोष्टीत शेवटी शिकलेला मीच होतो. प्रॅक्टिकलला मी दोनदा नापास झालो, तेव्हा तूच मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोल्डरिंग शिकवलं होतंस. "आधी जागा गरम कर, दिनू. सोल्डरला गरम करशील तर नुसतं वर बसंल, धरणार नाय." हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आणि नोकरी लागली ती क्वालिटी विभागात. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंवर पास-नापास लिहीत आलोय. स्वतःच्या हातानं एक वस्तू केलेली नाही.

भाऊबीजेला तू ओवाळलंस आणि ताटात मी काही टाकायच्या आत हात धरलास.

"काय टाकू नको. मला एक काम करून दे."

कपाटातून तू ती काढलीस. एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, विटेएवढी. मोटारीत घालतात तो हिरवा कागद कापून तू दोन गटांच्या मधे घातला होतास. वरून पिवळी पट्टी इतकी सरळ की मला वाटलं विकतची आहे.

"तीन दिवे लावून दीड तास चालवली," तू म्हणालीस. "गटाला गट मीटर लावला. माझ्या मतानं बरी हाय. पण माझं मत म्हंजे काय. आत किती तापती ते मला दिसत नाय. तुमच्या कंपनीत यंत्र हाय. तू बघ, आन् तू हो म्हनलास की मी रस्त्यावर काढीन. तोवर नाय."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर नाय."

तू एवढा विश्वास ठेवला होतास. मी ओवाळणी म्हणून तेवढंच द्यायचं होतं.

शनिवारी दुपारी पाळी सुटल्यावर मी ती लॅबमध्ये लावली. लॅब सांभाळणारे देशमुख होते, पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. सगळ्या गटांना तारा, मधे तापमानाच्या चार सुया, आणि यंत्रानं तिला हळूहळू रिकामी करायला घेतलं. दोन तास आम्ही पडद्याकडे बघत होतो. दहा रेघा एकमेकींवर चढून एकच रेघ दिसत होती. तापमान हात लावला तर कोमट म्हणावं एवढं. शेवटचा आकडा तू सेलांवर पेनानं लिहिलेल्या बेरजेच्या जवळपास तंतोतंत आला.

देशमुख चष्मा काढून म्हणाले, "साहेब, हे कुणी केलंय? आपल्याकडं माल येतो त्याच्यापेक्षा साफ काम आहे."

मी म्हणालो, "एका ओळखीच्यानं."

"त्याला विचारा, येतो का इथं."

"विचारतो," मी म्हणालो.

बहिणीनं केलंय एवढं म्हणायला मला काय झालं होतं? रिपोर्टचा कागद घडी करून खिशात घातला आणि पार्किंगमध्ये येऊन तुला फोन लावला. पहिल्या रिंगला तू उचललास. फोन हातातच धरून बसली असशील.

"बोल," तू म्हणालीस.

आणि मी म्हणालो, "अक्का, सहावा गट दमतोय."

सहावाच का, ते मला माहीत नाही. नुसतं "बरोबर नाही" म्हटलं असतं तर तू शंभर प्रश्न विचारले असतेस. म्हणून नेमकं खोटं बोललो. नेमकं बोलायची मला सव्वीस वर्षांची सवय आहे.

तू म्हणालीस, "माझा मीटरच फसवत आसंल. लई जुना हाय."

मी स्वतःला कारण दिलं होतं, अक्का. आमच्या लॅबमध्ये एकदा बॅटरी पेटताना मी पाहिलीय. आधी बारीक शिट्टीसारखा आवाज, मग पांढरा धूर, मग जाळ. वाळूच्या बादल्या ओतून तो विझत नव्हता. तशी गोष्ट तुझ्या मांडीखाली, पैठण रोडच्या ट्रकांमधून, हे डोळ्यांसमोर यायचं. ही भीती खोटी नाही. पण त्या शनिवारी पार्किंगमध्ये ती आधी आली नव्हती. आधी आलं ते देशमुखांचं वाक्य. भीती मी मागाहून आणली आणि पुढं उभी केली.

मला वाटलं, एकदा नापास झाली की तू सोडून देशील. तुला मी इतकं कमी ओळखत होतो.

मी बॅटरी परत दिल्यावर तू सहावा गट उघडलास. पट्ट्या पक्कडीनं ओढून काढल्यास, चारही सेल बदलल्यास. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बॅटरी मांडीवर घेऊन एसटीनं माझ्या घरी आलीस. तिळगूळ दिलास, आणि टॉवेलातली ती टेबलावर ठेवलीस. "आता बघ," म्हणालीस.

या वेळी मी तपासलीच नाही. ऑफिसातल्या कपाटात तीन आठवडे ती पडून होती. तू दोनदा फोन केलास, मी "यंत्र रिकामं नाही" म्हणालो. मग एक दिवस बॅटरी परत पाठवली आणि फोन करून सांगितलं, "थोडा फरक आहे. पण अजून सहावाच."

"पुन्हा सहावाच?" तू म्हणालीस, आणि हसलीस. "हा सहावा माझ्या सासूवानी दिसतोय. काय बी करा, खूश म्हनून नाय."

मी पण हसलो. ते हसणं मला आता आठवू नये असं वाटतं.

फोन ठेवताना तू म्हणालीस, "दिनू, बरं झालं तू हायेस. मी आपली माझ्या मीटरवर भरोसा ठिवून निघाले असते." त्या वेळी सांगता आलं असतं. तुझ्या त्या वाक्यानंतर तर सांगायलाच हवं होतं. पण त्याच वाक्यानं मी जास्त अडकलो. एका खोट्यातून तू मला इतकं मोठं करून ठेवलंस की खाली उतरायला जागा राहिली नाही.

मार्चच्या शेवटी, दुपारी, रशीदाआपा जेवायला घरी गेल्या होत्या. परत आल्या तर तू फळीवर डोकं टेकून होतीस. त्यांना वाटलं डुलकी लागली. सोल्डरिंगचं आयर्न गरमच होतं, आधी त्यांनी त्याचा प्लग काढला, मग तुला हाक मारली. डॉक्टर म्हणाले डोक्यातली शीर फुटली, कुणाच्या हातात काही नव्हतं. मी त्यांना तीन वेळा विचारलं, टेन्शननं होतं का, काही सतत डोक्यात असलं तर होतं का. ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी विचारत होतो.

तुला लेकरू नव्हतं. अग्नी मीच दिला. परत दुकानात आलो तेव्हा बॅटरी फळीवर तशीच होती, सहावा गट उघडा. तू शेवटपर्यंत त्यात नसलेला दोष शोधत होतीस.

दहाव्याचं ते सगळं ऐकून घेतलं. तेराव्यालाही ऐकलं. पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी चितेगावला गेलो. रशीदाआपा दुकान झाडत होत्या. मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः तुझ्या जागी बसल्या नाहीत, आपल्या जागी बसल्या.

मी खिशातून तो कागद काढला, नोव्हेंबरचा. म्हणालो, "आपा, बॅटरी पहिल्याच वेळी पास झाली होती. मी अक्काला खोटं सांगितलं."

त्यांनी कागद घेतला नाही. "क्या बोल रहे?"

मी सगळं सांगितलं. देशमुख काय म्हणाले तेही. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या हातातला झाडू तसाच होता.

"मग ती चुकली नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"कुठंच?"

"कुठंच नाही."

मग त्या जे बोलल्या ते मला माहीतच नव्हतं. दुसरी बॅटरी तू त्यांना करून देणार होतीस. फाट्यापासून त्यांच्या वस्तीपर्यंत त्या रोज चालत जातात, त्यांचीही कंबर गेलीय. सेल तू त्यांच्यासाठी वेगळ्या काढायला सुरुवात केली होतीस. माझा फोन आल्यावर तू त्यांना म्हणालीस, "रशीदा, मला येत नाय गं हे. माझ्या जिवाचं ठीक, तुझा जीव कशाला घालू?" आणि त्या सेल परत ढिगात टाकल्यास.

"मेरे सामने रोई वो," रशीदाआपा म्हणाल्या. "सुमन. बीस साल में मैंने उसको रोते नई देखा. भाऊजींच्या टायमाला बी नई. वो बोली, हात गेले माझे."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"मेरेकू नक्को. जिसकू बोलना था वो गई."

मग त्या उठल्या आणि बॅटरी माझ्यासमोर ठेवली. "ही पुरी करायची. आणि तपासायची. तुमच्या कंपनीत नक्को. इथं, माझ्यासमोर."

सहाव्या गटात बसवायला काढलेल्या चार सेल तू बाजूला मांडून ठेवल्याच होत्यास. वेल्डिंग त्यांनी केलं. मी फक्त सेल धरून बसलो. आपांनी मला पट्टीला हात लावू दिला नाही. तुझा जुना मीटर काढला, तेव्हा मी बॅगेतून कंपनीचा मीटर काढला आणि दोन्ही एकाच सेलला लावून बघितले. शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे. तुझा मीटर कधीच फसवत नव्हता, अक्का.

बॅटरी पूर्ण चार्ज करून आठवडाभर नुसती ठेवून दिली. काल रविवारी परत गेलो. तुझेच तीन दिवे, गाडीच्या हेडलाइटचे, एकामागे एक जोडले. भर दुपारीही ते डोळ्यांत खुपत होते. अर्ध्या तासानं मी गटांना मीटर लावत गेलो आणि सहाव्याला थांबलो. तो बाकीच्यांपेक्षा खाली आला होता. पंधरा मिनिटांनी आणखी खाली.

मी तपासलेल्या चार सेल तू नोव्हेंबरात काढून टाकल्यास, कारण मी सांगितलं होतं त्या खराब आहेत. त्यांच्या जागी ढिगातल्या उरलेल्या घातल्यास. त्याही मी नापास केल्यावर आणखी उरलेल्या. दरवेळी चांगल्या जाऊन हलक्या येत गेल्या. मी रशीदाआपांना विचारलं, पहिल्या चार कुठं आहेत? खराब म्हणून डब्यात होत्या, भंगारवाला आला तेव्हा त्यांनीच देऊन टाकल्या होत्या.

सहावा गट आता खरंच दमतोय. मी बोललो ते मी खरं करून दाखवलं.

दिवे जळत होते. आम्ही दोघं तुझ्या फळीपाशी बसलो होतो. रशीदाआपा दिव्यांकडे बघतच म्हणाल्या, "एक पूछू? सुमन जिंदा होती, तर सांगितलं असतं तुम्ही?"

मला हो म्हणायचं होतं. दिवाळीला सांगितलं असतं, पुढच्या भाऊबीजेला सांगितलं असतं, असं मी या तेवीस दिवसांत स्वतःला पुष्कळदा म्हटलंय. पण तुझ्या दुकानात, तुझ्या माणसासमोर, ते तोंडात येईना. तिसऱ्यांदा तू बॅटरी आणली असतीस, आणि मी ती परत कपाटात ठेवली असती. मी ओळखतो ना मला.

"नाही," मी म्हणालो. "बहुतेक नसतं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, पण मऊही नाही. माल तपासताना आपण बघतो तसं. मग स्टूल पुढे ओढलं, तुझा मीटर स्वतःकडे घेतला आणि वही माझ्यासमोर सरकवली.

"आकडा मी वाचते. तुम्ही लिहा."

त्या एकेका गटाला टोकं टेकवत गेल्या आणि मोठ्यानं वाचत गेल्या. मी लिहीत गेलो. सहाव्यापाशी त्या थांबल्या, टोकं काढून पुन्हा टेकवली, खात्री केली. मग होता तसा आकडा वाचला. होता तसा मी लिहिला.